पिना जुळल्या तरी डिस्प्ले येत नाही तेव्हा

जुना मॉनिटर हातात आला की बहुतेक जण आधी वायर शोधतात. आम्ही आधी तो उशीवर किंवा गोधडीच्या घडीवर पालथा घालतो आणि मागचं स्टिकर वाचतो. पुढच्या निम्म्या चुका तिथेच वाचतात. एका ऑफिसने रिकामा केलेला मॉनिटरचा लॉट वाचनालयाच्या संगणक कोपऱ्यासाठी लावायचा होता, त्यात जवळपास प्रत्येक काळातला माल निघाला. तो लावताना काय क्रमाने केलं आणि कुठे अडलं, ते इथे लिहितो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा पीस घेणाऱ्यालाही क्रम हाच लागेल.

स्टिकरवर पहिल्यांदा बघायचा तो विजेचा आकडा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर चिंता नाही. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल तर तो पीस बाहेरून आलेला आहे. आपल्या २३० व्होल्टवर लावला की आतला फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर सोबत पॉवर सप्लायही जातो. काही मॉनिटरला नेहमीची जाड पॉवर कॉर्ड नसते, बाहेरचा ॲडॉप्टर असतो, आणि लॉटमध्ये तो हमखास हरवलेला असतो. सॅमसंगच्या बऱ्याच सडपातळ मॉडेलना १४ व्होल्ट लागतात, एलजीच्या अनेकांना १९. दोन्हीची गोल पिन लांबून सारखीच दिसते. म्हणून हाताला लागेल तो लॅपटॉपचा चार्जर खुपसायचा नाही. स्टिकरवरचे व्होल्ट तंतोतंत हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, आणि मधली पिन प्लस आहे की मायनस हे चित्रावरून जुळवायचं.

मग मॉडेल नंबर. डेलच्या त्या काळच्या नावात पहिले दोन आकडे इंच सांगतात आणि पुढचे दोन साधारण वर्ष. १९०८एफपी म्हणजे १९ इंच. २००७एफपी आणि २००७डब्ल्यूएफपी ही नावं एका अक्षराने वेगळी, पण पहिला ४:३ आकाराचा १६००×१२०० पिक्सेलचा आहे आणि दुसरा रुंद, १६८०×१०५० चा. सॅमसंगच्या सिंकमास्टर ७४०एन मधला ७ म्हणजे १७ इंच, ९४० मधला ९ म्हणजे १९ इंच. स्टिकर फाटलं असेल तर टेप लावायची. काचेवरचा उजळणारा भाग ३३.८×२७ सेंटीमीटर भरला तर तो १७ इंची चौकोनी, ३७.६×३०.१ भरला तर १९ इंची चौकोनी. दोन्हींचं मूळ रिझोल्यूशन एकच, १२८०×१०२४. रुंदीला उंचीने भागलं की आकार कळतो. १.२५ आलं तर ५:४, १.३३ आलं तर ४:३, १.६ आलं तर १६:१० आणि १.७८ आलं तर १६:९. रुंद १९ इंची १४४०×९०० चा असतो, साडेअठरा इंची बहुधा १३६६×७६८ चा, २२ इंची जुना असेल तर १६८०×१०५० चा. हा आकडा खडूने मागच्या पाठीवर लिहून ठेवावा, कारण पुढचं सगळं काम याच आकड्यावर चालतं.

आता खाचा. इथे माणसं फसतात, कारण खाच जुळली म्हणजे सिग्नल जुळला असं होत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: प्लगचा आकार, आत वाहणारा सिग्नल ॲनालॉग आहे की डिजिटल, आणि त्याचा वेग मॉनिटरला झेपतो का.

तीन ओळींत १५ पिना असलेला निळ्या टोकाचा प्लग म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांसोबत तो आणला आणि आपल्याकडच्या शाळा-ऑफिसांत तो अजून आहे. पण १५ पिना म्हणजे व्हीजीएच, असं नाही. जुन्या मॅकिंटॉशच्या मॉनिटरलाही १५ पिना असतात, फक्त त्या दोन ओळींत. तो प्लग रुंद असतो आणि व्हीजीएत जातच नाही. प्लगमध्ये तीन जाड गोल पिना आणि शेजारी दहा बारीक पिना दिसल्या तर तो १३डब्ल्यू३. सनच्या आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनला तो असायचा. दोघांच्या पिनांची रचना सारखी नाही, त्यामुळे ‘१३डब्ल्यू३ ते व्हीजीए’ एवढंच लिहिलेली केबल आंधळेपणाने घेऊ नये. मागे पाच बीएनसी सॉकेट असतील तर लाल, हिरवा, निळा, आडवा सिंक (नवी ओळ कधी सुरू करायची तो इशारा), उभा सिंक (नवं चित्र कधी सुरू करायचं तो इशारा) असा हिशेब. असे मॉनिटर बऱ्याचदा एकाच ठरावीक वेगावर चालतात, साध्या संगणकाचं सुरुवातीचं बूट-चित्र त्यांच्यावर उमटतच नाही.

सगळ्यात सांभाळून हाताळायचे ते ९ पिनांचे. हिरव्या किंवा पिवळट अक्षरांचे डबे, म्हणजे काचेच्या मोठ्या पिक्चर ट्यूबचे जुने मॉनिटर, अजून भंगारात सापडतात. त्यांचा सिग्नल व्हीजीएसारखा चढउताराचा नसतो, नुसता चालू-बंद असतो. आयबीएमच्या व्हीजीएआधीच्या तीन पद्धतींपैकी एमडीए १८.४ किलोहर्ट्झ (सेकंदाला इतक्या हजार ओळी) आणि ५० हर्ट्झवर (सेकंदाला इतकी चित्रं) चालतं, सीजीए १५.७ किलोहर्ट्झ आणि ६० हर्ट्झवर, ईजीए २१.८ पर्यंत जातं. तिघांचा प्लग एकच! आयबीएमच्या ५१५१ सारख्या मोनोक्रोम मॉनिटरमध्ये आडव्या स्कॅनचं सर्किट थेट येणाऱ्या सिंकवरच चालतं. त्याला चुकीचा वेग दिला किंवा सिंकच दिला नाही, तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. किणकिणता बारीक आवाज वेगळा येऊ लागला की लगेच बंद करायचं. बाजारात ९ पिनांपासून १५ पिनांपर्यंत जाणारा साधा कन्व्हर्टर मिळतो, तो सुरुवातीच्या मल्टिसिंक, म्हणजे वेगवेगळे वेग झेपणाऱ्या, मॉनिटरसाठी आहे, या डब्यांसाठी नाही. त्या काळचं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक जवळ नसेल तर असा पीस चालू करून बघायच्या भानगडीत पडू नये.

डीव्हीआयवर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण लॉटमध्ये सर्वात जास्त गोंधळ त्याचाच होता. १९९९ मध्ये आलेला हा पांढऱ्या टोकाचा प्लग तीन प्रकारचा असतो. एका बाजूला आडवी पाती असते. पातीच्या भोवती चार पिना किंवा चार भोकं असतील तर त्यात ॲनालॉग आहे. नुसती पाती असेल तर फक्त डिजिटल, म्हणजे डीव्हीआय-डी. चार पिनांसकट डिजिटलही असेल तर डीव्हीआय-आय, नुसतं ॲनालॉग असेल तर डीव्हीआय-ए. त्या चार पिनांतच लाल, हिरवा, निळा आणि आडवा सिंक असतो. ग्राफिक्स कार्डाच्या सॉकेटला ही चार भोकं नसतील तर डीव्हीआयचा व्हीजीए करणारा दीडशे रुपयांचा ठोकळा तिथे बसत नाही. मग काही जण पक्कडीने त्या चार पिना मोडून बसवतात. प्लग बसतो, डिस्प्ले अर्थातच येत नाही, कारण जे न्यायचं होतं तेच मोडून टाकलेलं असतं.

यात ग्राफिक्स कार्डाचं वय मोजावं लागतं. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून आणि एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून डीव्हीआयमधला ॲनालॉग काढून टाकला. त्या आधीच्या कार्डाला साधा ठोकळा चालतो, नंतरच्याला चालत नाही. मॉनिटरच्या बाजूलाही तेच. मॉनिटरवर फक्त डीव्हीआय-डी असेल आणि संगणकावर फक्त व्हीजीए असेल, तर कोणतीही साधी केबल उपयोगाची नाही. ॲनालॉगचं डिजिटल करणारा पेटीसारखा कन्व्हर्टर लागतो आणि त्या पैशात बहुधा दुसरा मॉनिटर येतो.

उलट एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी यांचं रक्त एकच. दोन्हीमध्ये डिजिटल सिग्नल सारखाच आहे, म्हणून साधी केबल दोन्ही दिशांनी चालते. फक्त आवाज येईल अशी अपेक्षा ठेवू नये. डिस्प्लेपोर्टच्या सॉकेटजवळ दोन अधिक चिन्हं असतील तर त्यातून डीव्हीआय किंवा एचडीएमआय स्वस्त ॲडॉप्टरने निघतं, पण व्हीजीएसाठी आत चिप असलेलाच कन्व्हर्टर लागतो.

डीव्हीआय केबल घेताना मधल्या पिना मोजाव्यात. मधोमध सहा पिनांची जागा रिकामी असेल तर ती सिंगल लिंक, १९२०×१२०० पर्यंत पुरते. आमच्या लॉटमधला ३० इंची डेल ३००७डब्ल्यूएफपी त्यामुळेच सुरुवातीला हट्टाला पेटला. हा २५६०×१६०० चा आहे, त्याला ड्युअल लिंकच लागते आणि आत चित्र लहानमोठं करणारी चिपच नाही. सिंगल लिंकवर तो फक्त १२८०×८०० दाखवतो, बाकी काही दिलं तर काळा. एचडीएमआयवरून साध्या केबलने जोडला तर तेच. चोवीसही पिनांची केबल आणि ड्युअल लिंकचं कार्ड, नाहीतर यूएसबीवरून वेगळी वीज घेणारा डिस्प्लेपोर्ट-ड्युअल लिंक कन्व्हर्टर, एवढेच मार्ग आहेत. ॲपलचा २००४ चा ३० इंची सिनेमा डिस्प्लेही याच जातीचा.

राहिला एचडीएमआय ते व्हीजीए. आजच्या संगणकांना जुने मॉनिटर जोडताना सगळ्यात जास्त हाच लागतो. याला दिशा असते. एचडीएमआय हे टोक संगणकाकडे आणि व्हीजीए मॉनिटरकडे. उलटा लावला तर काहीही होत नाही. आत चिप असते आणि तिला एचडीएमआयच्या ५ व्होल्टवर चालावं लागतं. संगणकाने त्या पिनेवर किमान ५५ मिलिअँपिअर द्यायचे असतात. चिपला जास्त लागले की चित्र येतं-जातं, किंवा दर काही मिनिटांनी काळं होतं. ज्या कन्व्हर्टरला बाजूला लहान यूएसबीचं भोक असतं, तोच घ्यावा, आणि असं झालं तर त्यात मोबाईलचा चार्जर लावावा. दुसरी अडचण अशी की काही स्वस्त कन्व्हर्टर मॉनिटरला न विचारता स्वतःच संगणकाला ‘मी १९२०×१०८०’ असं सांगून टाकतात. मग १७ इंची मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी येते.

या पाटीत बऱ्याचदा आकडे असतात, ते वाचावेत. ‘६७.५ किलोहर्ट्झ / ६० हर्ट्झ’ दिसलं तर संगणक १९२०×१०८० पाठवतोय. ६४ किलोहर्ट्झ म्हणजे १२८०×१०२४ ६० हर्ट्झवर, ८० म्हणजे तेच ७५ हर्ट्झवर. १७ इंचीच्या स्टिकरवर किंवा मेनूत ८० किलोहर्ट्झ लिहिलेलं असतं, त्यामुळे ६७.५ चालायला हवं असं वाटतं. पण आतल्या चिपला पिक्सेलचा वेगही बघावा लागतो. १२८०×१०२४ ला १०८ मेगाहर्ट्झ पुरतात, १९२०×१०८० ला १४८.५ लागतात, आणि तिथे तो हात वर करतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि तिथे ३ आकडा म्हणजे कमी रिझोल्यूशन. मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ॲडॉप्टर प्रॉपर्टीज उघडून ‘लिस्ट ऑल मोड्स’ मधून १२८०×१०२४, ६० हर्ट्झ हाताने निवडायचं. दुसरा चालू मॉनिटर शेजारी असेल तर त्यावरून सेटिंग करून वायर बदलणं आणखी सोपं.

केबलकडे कोणी लक्ष देत नाही, आणि व्हीजीएत निम्मे दोष तिथेच असतात. ९ नंबरची पिन नसेल तर घाबरू नये, ती पुष्कळ केबलमध्ये नसतेच. १२ आणि १५ नसतील किंवा वाकलेल्या असतील तर मॉनिटर स्वतःची ओळख संगणकाला सांगू शकत नाही, आणि विंडोज १०२४×७६८ वर अडून बसतं. रंगावरून पिन ओळखता येते. पांढरं पिवळं दिसलं तर निळा तुटलाय, म्हणजे ३ नंबर. पांढरं आकाशी दिसलं तर लाल, १ नंबर. गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरवा, २ नंबर. केबल मॉनिटरला जोडून, मॉनिटर बंद ठेवून, मोकळ्या टोकाला मीटर लावायचा. १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८ या तिन्ही जोड्यांत साधारण ७५ ओहम यायला हवेत. एखाद्यात काहीच आलं नाही तर त्या रंगाची तार तुटलीये. मग दुसरी केबल लावून बघायची. तरीही तसंच असेल तर दोष मॉनिटरच्या सॉकेटचा. वाकलेली पिन घड्याळ्याच्या चिमट्याने सरळ होते, पण एकदाच. दुसऱ्यांदा ती बहुधा मोडते. दुकानात ‘३+४’ आणि ‘३+६’ (रंगांच्या तीन जाड आवरणाच्या तारा आणि चार किंवा सहा साध्या) अशा केबल विकतात. लांबी ३ मीटरच्या पुढे असेल तर ३+६ घ्यावी, नाहीतर अक्षरांना उजवीकडे पुसट सावली येते.

चित्र आलं म्हणजे काम संपलं, असं मानून निम्मे लोक सोडून देतात, आणि मग ‘जुना मॉनिटर आहे, अक्षरं फाटतातच’ म्हणतात. व्हीजीएवर अक्षरं फाटण्याचं कारण बहुधा मॉनिटरची चूक नसते. ॲनालॉग लाटेतून पिक्सेल नेमका कुठे उचलायचा, हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. त्यासाठी आधी मूळ रिझोल्यूशन ठेवायचं. मग पूर्ण पडद्यावर एक पिक्सेल काळा, एक पांढरा असं बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र लावायचं. त्यात उभे पट्टे दिसत असतील तर ‘क्लॉक’ चुकलंय. पट्टे नाहीत पण सगळं चित्र राखाडी आणि थरथरतंय, तर ‘फेज’ चुकलाय. ऑटोचं बटण दाबायचं, पण काळ्या वॉलपेपरवर नाही. ऑटोला चित्राच्या चारही कडा सापडाव्या लागतात. काळ्या डेस्कटॉपवर तो कड चुकीच्या जागी धरतो आणि चित्र बाजूला सरकतं. पांढरं पान उघडून किंवा तोच पट लावून ऑटो करावं. तरी पट्टे राहिले तर मेनूत क्लॉक एकेक अंकाने हलवून पट्टे नाहीसे करायचे, आणि मगच फेज. उलट क्रमाने केलं तर कितीही वेळ घालवा, जमत नाही. डीव्हीआयवर हे सगळं लागतच नाही, म्हणून दोन्ही सॉकेट असतील तर डीव्हीआयच वापरावं. मेनू उघडत नसेल आणि पडद्यावर कुलूप दिसत असेल, तर मेनूचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवायचं.

आता बिघाड. २०१० च्या आधीच्या बहुतेक एलसीडीत मागे प्रकाशासाठी बारीक ट्यूब असतात. चित्र दोन सेकंद दिसून काळं झालं, पण हिरवा दिवा चालूच राहिला, तर अंधारात तिरका टॉर्च मारायचा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल ठीक आहे, ट्यूब किंवा तिला वीज देणारा इन्व्हर्टर गेलाय. चालू करताना पडदा लालसर दिसून हळूहळू पांढरा होत असेल तर ट्यूब थकल्यात. असा पीस वाचनालयात चालतो, फोटोच्या कामाला नाही. हा इन्व्हर्टर हजार व्होल्टच्या पुढे जातो, त्यामुळे झाकण उघडं ठेवून चालू करू नये. फुटलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो.

दिवा लुकलुकतो, किंवा सात-आठ वेळा बटण दाबल्यावर मॉनिटर चालू होतो, तर पॉवर सप्लायच्या सर्किट बोर्डावर फुगलेले कपॅसिटर असतात. डोकं सपाट असायला हवं, फुगलेलं असेल तर गेलाच. ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे सहसा जातात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे आणि कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) घ्यायचे. पुण्यात तपकीर गल्लीत ते मिळतात. पंख्याचे किंवा कोणतेही साधे कपॅसिटर लावले तर दोन महिन्यांत परत तेच. मोठ्या काळ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही सुमारे ३२५ व्होल्ट राहू शकतात, म्हणून मीटर लावून खात्री झाल्याशिवाय हात घालायचा नाही. डबा मॉनिटर मात्र उघडायचाच नाही. रंगीत ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या घरात दाब असतो, आणि तो बंद केल्यावरही ट्यूबवर टिकतो.

डबा मॉनिटर चांगला असेल तर ठेवून द्यायला हरकत नाही. १७ इंचीवर १०२४×७६८ आणि ८५ हर्ट्झ लावावं. ६० हर्ट्झवर डोळ्यांसमोर लुकलुकतो. सोनीच्या ट्रिनिट्रॉन जातीच्या पडद्यावर एक किंवा दोन बारीक आडव्या रेघा दिसतात त्या दोष नाहीत, आतल्या जाळीला धरून ठेवणाऱ्या तारा आहेत. कोपऱ्यात रंगाचा डाग असेल तर मेनूतून डिगॉस करावं, म्हणजे पडद्यावरचं चुंबकत्व जातं. शेजारी स्पीकर असेल तर आधी तो हलवावा.

लोक हमखास विचारतात ते सेट-टॉप बॉक्सचं. एचडीएमआय ते डीव्हीआय केबलने जुन्या मॉनिटरला तो जोडता येतो, पण मॉनिटरमध्ये एचडीसीपी (नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप ओळखण्याची सोय) नसेल तर बॉक्सचा मेनू दिसतो आणि चॅनेल लावलं की पडदा काळा होतो, किंवा थेट सूचना येते. केबल बदलून, कन्व्हर्टर बदलून त्यात फरक पडत नाही. मॉनिटर चालत असेल तर १६:९ चं चित्र ५:४ वर उभं ताणलं जातं. बॉक्समध्ये ‘लेटरबॉक्स’ किंवा ‘फिट’ निवडावं. आवाजासाठी बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून स्पीकर घ्यावे.

जे पीस जळलेले किंवा फुटलेले निघाले ते भंगारवाल्याला दिले नाहीत. डब्याच्या काचेत शिसं असतं, एलसीडीच्या ट्यूबमध्ये पारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवेत. चालू पीसांच्या पाठीवर खडूऐवजी मार्करने रिझोल्यूशन, केबलचा प्रकार आणि ‘ऑटो करताना पांढरं पान उघडा’ एवढं लिहून त्यांच्या त्यांच्या केबलसकट वाचनालयात पाठवले.